भाजलेल्या हाताला करंट द्यावा का?

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही करवीर तालुक्यातले. माझे मिस्टर गुऱ्हाळावर गुळव्या आहेत. दीड महिन्यापूर्वी काहील उतरवताना पाक उसळून त्यांच्या उजव्या हातावर पडला. कोपराच्या खालपासून पंजाच्या पाठीपर्यंत भाजलं. गावातल्या दवाखान्यात एक दिवसाआड ड्रेसिंग चालू आहे, पांढरं मलम लावतात. वरचा भाग भरून आला, पण मनगट आणि पंजाची पाठ अजून ओली आहे, साधारण माझ्या तळहाताएवढी. कोल्हापुरातल्या सर्जननी सांगितलं की मांडीची कातडी काढून लावावी लागेल. मिस्टर घाबरलेत, ऑपरेशन नकोच म्हणतात. माझे दीर इंजिनिअर आहेत. त्यांनी वाचलंय की विजेचा सौम्य करंट दिला की भाजलेली जखम लवकर भरते. आमच्याकडचं एक सेंटर एका बैठकीचे ५०० रुपये घेतं, त्यांनी २० बैठका सांगितल्यात. शेजारच्या काकूंकडे गुडघ्याला लावायचं करंटचं मशीन आहे, ते वापरलं तर खर्च वाचेल असंही वाटतं. सध्या हे हात गळ्यात बांधून, मूठ अर्धी मिटून ठेवतात, तसं ठेवलं की कमी दुखतं म्हणतात. पू होऊ नये म्हणून सासूबाईंनी अंडी, डाळ, दही, भात बंद केलंय. करंटने ऑपरेशन टळेल का?
एक भगिनी

उत्तर

ताई,

उत्तर आधी देते, कारणं मागून सांगते, कारण तुमच्या हातात वेळ थोडा आहे. करंटने हे ऑपरेशन टळणार नाही. काकूंचं मशीन जखमेवर किंवा जखमेच्या आसपास लावू नका. आणि २० बैठका संपल्यावर बघू, असं म्हणून सर्जनकडे जायचं लांबवू नका. या आठवड्यातच परत जा आणि ऑपरेशनची तारीख घेऊन या.

तुमच्या दिरांनी वाचलेलं मात्र खोटं नाही. मी भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केलं आहे. वीज आणि जखम यांचं नातं हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे त्यांना नुसतं ‘नाही’ म्हणून गप्प बसवायचं नाही. हे उत्तर त्यांनाही वाचायला द्या. इंजिनिअर आहेत, त्यांना पटेल.

आपल्या कातडीत स्वतःची वीज असते. वरच्या थरातल्या पेशी मिठातला सोडियम सतत बाहेरून आत ओढत असतात. त्यामुळे कातडीची आतली बाजू धन आणि बाहेरची ऋण राहते. माणसाच्या अंगावर हा फरक बहुतेक ठिकाणी १० ते ६० मिलिव्होल्टांचा असतो, म्हणजे एका व्होल्टचे शंभर भाग केले तर त्यातले एक ते सहा. कातडी कापली गेली की तिथला अडसर जातो आणि प्रवाह जखमेतून बाहेर वाहू लागतो. बर्लिनचे शास्त्रज्ञ एमिल द्यू बोआ-रेमाँ यांनी १८४३ साली स्वतःच्या बोटाला काप देऊन हा प्रवाह मोजला होता. तो भरला साधारण एक मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग. पुढे १९८० साली इंग्लंडमधल्या शेफिल्डला, दारात वगैरे सापडून बोटाचं टोक तुटलेल्या लहान मुलांच्या बोटांतून, ती टोकं पुन्हा वाढत असताना निघणारा प्रवाह मोजला गेला.

हा प्रवाह काय कामाचा? तो पेशींना दिशा दाखवतो. जखमेचा मध्य आजूबाजूच्या कातडीच्या मानाने ऋण होतो आणि कडेच्या कातडीच्या पेशी त्या ऋण बाजूकडे सरकू लागतात. स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनला संशोधक मिन झाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली याचा मोठा पुरावा दिला. बाहेरून तेवढ्याच ताकदीची वीज दिली तर पेशी जखमेकडे भरभर निघाल्या. विजेची दिशा उलटी केली तर त्याच पेशी जखमेपासून लांब गेल्या आणि जखम मिटण्याऐवजी उघडत गेली. ही दुसरी गोष्ट दिरांना मुद्दाम वाचून दाखवा. करंट म्हणजे ‘दिला की फायदाच, नाही झाला तर नुकसान तर नाही’ असं सलाइनचं पाणी नव्हे. त्याला दिशा असते, मात्रा असते, वेळ असतो.

याच विद्येतली एक गोष्ट तुमच्या घरी फुकटात वापरता येते. शरीराची ही वीज जखम ओलसर असेपर्यंतच नीट वाहते. खपली धरून जखम कोरडी पडली की प्रवाह थंडावतो. जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने १९६२ साली डुकरांवर दाखवून दिलं की ओलसर झाकून ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने चढते. वीज हे त्याचं एकमेव कारण नाही, पेशींना सरकायला ओल लागतेच. आपल्या मुंबईत डॉ. केस्वानी यांनी १९८५ साली भाजलेल्या जखमांवर बटाट्याच्या सालीची पट्टी वापरल्याचं प्रसिद्ध केलं, तेही याच वाटेवरचं काम. न चिकटणारी, ओल धरून ठेवणारी आणि स्वस्त पट्टी त्यांना हवी होती. (त्या साली निर्जंतुक करून पट्टीवर बसवलेल्या असत. घरच्या बटाट्याची साल कुणी जखमेवर ठेवू नये, हे इतर वाचकांसाठी.) म्हणून ‘जखमेला वारा लागू दे, सुकू दे’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ड्रेसिंग काढताना पट्टी चिकटली असेल तर ओढून काढू देऊ नका. सलाइनने भिजवून सोडवायला सांगा. प्रत्येक वेळी चिकटलेली पट्टी ओढली की कडेने आलेली नवी कातडी तिच्याबरोबर निघते.

मग हेच बाहेरून जास्त दिलं तर कातडी का येणार नाही? याचं उत्तर तुम्ही ऊसपट्ट्यातल्या आहात म्हणून उसातच सांगते. ऊस तोडला तरी जमिनीत खोडकी जिवंत असते, म्हणून खोडवा फुटतो. वरवर भाजलेल्या कातडीचं असंच असतं. केसांच्या मुळांशी आणि घामाच्या ग्रंथींच्या तळाशी पेशी वाचलेल्या असतात, त्यांच्यातून दोन-तीन आठवड्यांत नवी कातडी जागोजाग फुटते. भाऊंच्या, म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या, हाताचा वरचा भाग असाच भरला. मनगट आणि पंजाच्या पाठीवर मात्र खोडकीच जळाली आहे. आता फुटवा तिथून येणार नाही, बांधाच्या कडेकडूनच काय तो येईल. अशा वावरात नवी लावण करावी लागते. मांडीची कातडी हे त्या लावणीचं बेणं. करंट हे फार तर खत आहे, आणि बेणं नसलेल्या रानात खत टाकून ऊस येत नाही.

पाकाने एवढं खोल का भाजलं, हेही सांगायला हवं, कारण ‘पाणीच तर होतं’ असं समजून गुऱ्हाळावरचे लोक सुरुवातीला ते अंगावर काढतात. पाणी १०० अंशांना उकळतं. गुळाचा पाक काहील उतरवायच्या वेळी ११५ अंशांच्या आसपास असतो. शिवाय तो चिकटतो. पाणी ओघळून जातं, पाक जागच्या जागी बसून आत उष्णता सोडत राहतो. पंजाच्या पाठीवरची कातडी मुळात पातळ, तिच्याखाली लगेच बोटं सरळ करणाऱ्या शिरा, म्हणजे स्नायुबंध. म्हणून तिथे थोडं भाजलं तरी ते खोल जातं.

आता हिशोब करा. कडेकडून सरकणारी कातडी चांगल्या परिस्थितीतही दिवसाला जेमतेम मिलीमीटरभर पुढे येते, बहुतेकदा त्याहून कमी. जखम तुमच्या तळहाताएवढी, म्हणजे सात-आठ सेंटीमीटर रुंद धरा. दोन्ही कडांनी मध्यापर्यंत यायचं तरी प्रत्येक कडेला साडेतीन-चार सेंटीमीटर चालायचंय. सगळं सुरळीत झालं तर सव्वा महिना, आणि दीड महिना उघड्या राहिलेल्या जखमेत सगळं सुरळीत क्वचितच होतं. करंटने यातला तिसरा हिस्सा वाचला असं धरलं, तरी एवढे आठवडे जखम उघडी राहणार. या काळात जखम एका दुसऱ्याच रीतीने मिटत असते. ती आक्रसते. कडा एकमेकींकडे ओढल्या जातात, मनगट आणि बोटं त्यांच्याबरोबर ओढली जातात. तीन आठवड्यांत न भरलेली भाजलेली जखम पुढे जाड, ताठ, खाजरा व्रण ठेवून भरण्याची शक्यता बरीच वाढते, असं भाजण्यावर काम करणारे सगळेच मानतात. तुमचे सहा आठवडे झालेत. सर्जनने कातडी लावायला सांगितली ती याच कारणाने, आणि त्यांचं बरोबर आहे.

दिरांनी जो अभ्यास वाचला असण्याची शक्यता मला वाटते, त्याबद्दल सांगते. अमेरिकेत २००७ साली तो प्रसिद्ध झाला. खोलवर भाजलेले ३० रुग्ण. सगळ्यांना चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनचं ड्रेसिंग केलं होतं. त्यातल्या एका गटाला त्या ड्रेसिंगमधून अगदी सौम्य, एकाच दिशेचा करंट सतत दिला. करंट मिळालेल्यांच्या जखमा सरासरी ४.६ दिवसांत मिटल्या, बाकीच्यांच्या ७.२ दिवसांत. हा फरक लहान नाही, मला तो उमेद देणारा वाटतो. पण हा करंट कुणाला दिला होता? ज्यांची जळलेली कातडी काढून, मांडीची किंवा दुसरीकडची पातळ कातडी आधीच लावलेली होती त्यांना. लावण झाल्यावर ती लवकर धरावी म्हणून. ऑपरेशन टाळण्यासाठी तो दिलाच नव्हता. त्याआधी अमेरिकी सैन्याच्या भाजण्यावरच्या संशोधन संस्थेत प्राण्यांवर असेच प्रयोग बरेच झाले होते, तिथेही कातडी लावलेल्या आणि कातडी काढलेल्या जागा लवकर भरतात का हेच मुख्यतः पाहिलं होतं.

जिथे करंटचा वापर जास्त रुळलाय त्या जखमा वेगळ्या आहेत. पडून राहिल्याने होणारे पाठीवरचे, माकडहाडावरचे व्रण, मधुमेहाने पायाला झालेल्या जखमा, रक्तवाहिन्यांच्या दोषाने पोटरीवर होणारे व्रण. अमेरिकेतली मेडिकेअर ही सरकारी विमा योजना २००३ पासून अशा जखमांसाठी करंटचा खर्च देते, तोही नेहमीचे उपचार ३० दिवस नीट करून जखम हलली नाही तरच. आणि घरी, कुणाच्या देखरेखीशिवाय केलेल्या वापराचा खर्च ती देत नाही. ताज्या भाजण्याचा त्या यादीत समावेश नाही. कोणता ध्रुव जखमेवर ठेवायचा, किती वेळ, किती दिवस, याबद्दल तज्ज्ञांचंही अजून एकमत नाही. एवढं सगळं बघितल्यावर एखादं सेंटर जखम नीट न उघडता एकदम २० बैठका सांगत असेल, तर ते आकडे कुठून आले हे विचारायला हवं.

विचारायचं तर हे विचारा: जखम कोण बघणार? इलेक्ट्रोड जखमेवर ठेवणार की बाजूला? प्रत्येक वेळी नवी निर्जंतुक जाळीची पट्टी वापरणार का? मलम कसं काढणार? हा शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण त्यावरून माणसाला काम येतं की नाही ते कळतं. तुम्ही म्हणता ते पांढरं मलम बहुधा चांदीचं, सिल्व्हर सल्फाडायझिन असणार. जखमेत चांदीचं मलम किंवा पोव्हिडोन आयोडीन राहिलेलं असताना वरून करंट दिला तर त्यातले कण विजेबरोबर ऊतींमध्ये ओढले जातात. म्हणून आधी सगळं धुऊन काढावं लागतं. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्याकडे जखम देऊ नका.

काकूंचं मशीन हे बहुतेक टेन्स असणार. ते दुखणं कमी करण्यासाठी असतं. त्याचे ठोके नसांना गुंगवतात, पेशींना दिशा देण्यासाठी ते बनवलेलंच नाही. त्याच्या चिकटपट्ट्या कोरड्या, अखंड कातडीवर लावायच्या असतात. ओल्या जखमेवर लावल्या तर एकाच ठिपक्यात करंट एकवटतो. भाजलेल्या आणि नुकत्याच भरलेल्या भागाला स्पर्श नीट कळत नाही, त्यामुळे चटका बसतोय हे भाऊंना समजणारही नाही. एकाच दिशेचा करंट देणाऱ्या मशीनचं तर आणखी वेगळं. त्याच्या एका पट्टीखाली आम्ल तयार होतं, दुसरीखाली अल्कली, आणि दोन्ही कातडी जाळू शकतात. शिवाय काकूंच्या गुडघ्याला लागलेल्या पट्ट्या उघड्या जखमेला लावायच्या, म्हणजे जंतूंना निमंत्रणच. आणि ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी अशी मशीनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठेच लावू नयेत, हेही लक्षात असू द्या.

ताई, तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीने मला अस्वस्थ केलं, ती करंटची नव्हती. ‘हात गळ्यात बांधून, मूठ अर्धी मिटून ठेवतात, तसं ठेवलं की कमी दुखतं.’ भाजलेल्या माणसाला ज्या स्थितीत बरं वाटतं, त्याच स्थितीत त्याचा सांधा आखडतो. आम्ही वॉर्डात हे रोज सांगायचो आणि रोज पुन्हा सांगावं लागायचं, कारण दुखणाऱ्याला ते पटणं अवघड असतं. पंजाच्या पाठीवर भाजलं की मनगट खाली लोंबतं, बोटांची मुळं मागे ताणली जातात आणि पुढची पेरं आत वळतात. हात पक्ष्याच्या नखीसारखा होतो. दोन-तीन महिने तसा राहिला की कातडीच काय, सांध्याच्या आतल्या दोऱ्याही आखडतात आणि मग मोठं ऑपरेशन करूनही पूर्वीची मूठ परत येत नाही. गुळव्याच्या उजव्या हाताचं हे नुकसान करंटच्या पैशांहून कितीतरी मोठं आहे.

म्हणून गळ्यातली झोळी आज सोडा. बसताना, झोपताना हात उशांवर, छातीच्या पातळीच्या वर ठेवा, म्हणजे सूज उतरेल. बोटात अंगठी असेल तर काढा. हात ठेवायची योग्य पद्धत अशी: मनगट थोडं वर उचललेलं, बोटं तळव्याशी जोडतात तिथल्या सांध्यांत चांगली वाकलेली, त्यापुढची दोन्ही पेरं सरळ, आणि अंगठा बोटांपासून लांब. हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला धरल्यावर मनगट जसं असतं साधारण तसं, फक्त बोटांची टोकं सरळ. ही स्थिती रात्रभर राहावी म्हणून प्लास्टिकची किंवा प्लास्टरची खपाची म्हणजे स्प्लिंट बनवून मिळते. ती कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या फिजिओथेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपी विभागात करून मागा. तुम्हाला पैसे खर्चायचेच असतील तर पहिले इथे खर्चा.

दिवसा हात हलवायला हवा. ड्रेसिंगच्या आधी अर्धा-पाऊण तास डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी घ्यावी आणि पट्टी सुटलेली असताना थेरपिस्टच्या डोळ्यांदेखत बोटं हलवावीत. त्या वेळी स्नायुबंध उघडा तर पडलेला नाही ना, हे त्यांना दिसतं. पंजाच्या पाठीवर पिवळट-पांढरी चकचकीत दोरी दिसत असेल तर एकदम पूर्ण मूठ वळवायची नाही, ती तुटू शकते. तेव्हा एकेक सांधा वेगळा हलवतात. म्हणून घरच्या घरी जोर लावून मूठ मिटवायला लावू नका. कोपर आणि खांदा मात्र आजपासून बिनधास्त हलवा, ते भाजलेले नाहीत आणि झोळीने तेही आखडायला लागलेले असतील.

जेवणाचं थोडक्यात, पण ठासून सांगते. अंडी, डाळ, दही खाल्ल्याने पू होत नाही. पू जंतूंनी होतो. नवी कातडी आणि मांस प्रथिनांतून बनतं आणि भाजलेल्या शरीराला ती नेहमीपेक्षा जास्त लागतात. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि म्हणा की जखम भरायला आईच्या हातचं जेवणच हवंय. रोज दोन अंडी, दोन वेळा घट्ट डाळ किंवा उसळ, दही-दूध, चालत असेल तर मटण-मासे, शेंगदाणे, आणि लिंबू-पेरू-आवळा. भातही द्या. सहा आठवडे जखम भरली नाही म्हणून रक्तातली साखर आणि हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण भाऊ तंबाखू खात किंवा विडी ओढत असतील तर ऑपरेशनच्या आधीपासून पूर्ण बंद. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि लावलेली कातडी मरू शकते.

आता त्यांच्या भीतीविषयी. ‘मांडीची कातडी काढणार’ हे ऐकून माणसाला वाटतं की मांडी सोलून मांस उघडं करणार. तसं नसतं. एका खास सुरीने कातडीचा अगदी वरचा, कागदाएवढा पातळ पापुद्रा काढतात. खाली केसांची मुळं तशीच असतात, त्यामुळे मांडीची जागा साधारण दोन आठवड्यांत आपोआप भरते. पहिले चार-पाच दिवस मांडी हातापेक्षा जास्त चुरचुरते, हे त्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे नंतर घाबरणार नाहीत. भाऊंच्या जखमेला लागणारी कातडी फार नाही. माणसाचा स्वतःचा तळहात बोटांसकट अंगाच्या कातडीचा साधारण एक टक्का भरतो, आणि तुम्ही बोटं न धरता सांगितलं असेल तर त्याच्याही निम्मं. तेवढ्या जागेसाठी उजवा हात पणाला लावू नये.

खर्चाची काळजी असेल तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजण्याचे उपचार आहेत. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड, आधार आणि गावच्या दवाखान्याची चिठ्ठी घेऊन आधी त्यांना भेटा. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयापासून चौकशी सुरू करा. जाईपर्यंत जखमेभोवतीचा लालपणा पसरायला लागला, ताप आला, हिरवट स्राव किंवा घाण वास आला, किंवा बोटांची टोकं बधिर, निळसर वाटली तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा.

आणि हो, गुऱ्हाळावरच्या बाकीच्यांना सांगून ठेवा: पाक अंगावर पडला की लगेच त्या भागावर वाहतं साधं पाणी, पुरी २० मिनिटं. अंगठी, घड्याळ, पाकाने भिजलेली बाही काढायची, चिकटलेली असेल तर ओढायची नाही. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ काहीही नाही. थोडा उशीर झाला असेल तरी, तीन तासांच्या आत पाणी घालण्याचा उपयोग होतो.

दिरांच्या उत्साहाला मी योग्य वाटेला लावू इच्छिते, विझवू नाही. त्यांनी सर्जनला भेटायला तुमच्याबरोबर यावं आणि विचारावं की कातडी लावल्यानंतर सौम्य करंटचं ड्रेसिंग तुमच्याकडे मिळतं का, आणि या रुग्णाला ते द्यावं असं तुम्हाला वाटतं का. मांडीच्या जागेसाठीही विचारावं. जस्त आणि चांदीचे ठिपके असलेली पट्टी ओल लागताच स्वतःच सूक्ष्म वीज तयार करते, तिचा वापर अशा जागांवर काही ठिकाणी करून पाहिलेला आहे. सर्जन ‘गरज नाही’ म्हणाले तर ऐकावं. आपल्याकडच्या बहुतेक रुग्णालयांत भाजलेल्याला करंट न देताच कातडी लावतात आणि ती चांगली धरते. पुढे व्रण कडक व्हायला लागला की दाबाचा हातमोजा दिवसाचे जवळपास चोवीस तास, सहा महिने ते वर्षभर घालावा लागतो, खोबरेल तेलाने मालिश करावी लागते, उन्हापासून जपावं लागतं. तिथे इंजिनिअर दिराचा फार उपयोग होईल, कारण भाऊ कंटाळतील आणि कुणीतरी रोज मागे लागायला हवं असतं.

लावलेली कातडी धरली का, हे बघायला साधारण पाचव्या दिवशी पट्टी उघडतात. तोपर्यंत हात स्प्लिंटमध्ये स्थिर ठेवायचा असतो, व्यायाम बंद. सर्जननी ‘धरली’ म्हटलं की त्याच दिवशी थेरपिस्टला बोलवायला सांगा आणि बोटं हलवायला कधीपासून सुरू करायची ते विचारून लिहून घ्या. महिनाभराने मला कळवा: मूठ मिटल्यावर बोटांची टोकं तळव्याला टेकतात का, आणि पंजा टेबलावर सपाट पसरतो का.